ड्रम मशीन : साथीदार, वाद्य की तालाची वही?

लयवेल्हाळ (धागाकर्ता)

तबल्याच्या प्रारंभिक परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाने वहीत सोळा चौकटी आखून त्यांत त्रिताल लिहिलेला असतो. भातखंडे पद्धतीत पहिल्या मात्रेखाली समेची फुली, पाचव्या आणि तेराव्या मात्रेखाली टाळीचे आकडे आणि नवव्या मात्रेखाली कालाचे, म्हणजे टाळी न देता हात उलटा करून दाखवायच्या जागेचे, शून्य. पुष्कळ वर्षांनी रोलँड कंपनीच्या टीआर-८०८ या ड्रम मशीनचा, म्हणजे ठेका वाजवणाऱ्या यंत्राचा, दर्शनी भाग मी पहिल्यांदा नीट पाहिला, तेव्हा मला तीच वही आठवली. खालच्या कडेला ओळीने सोळा बटणे आहेत आणि चार-चारच्या गटांत त्यांना तांबडा, नारिंगी, पिवळा आणि पांढरा असे रंग दिलेले आहेत. एक वाद्य निवडायचे, ज्या घरात आघात हवा त्या घराचे बटण दाबायचे आणि यंत्र सुरू करायचे, की ते त्या ओळीवरून डावीकडून उजवीकडे फिरत राहते आणि शेवटच्या घरानंतर पुन्हा पहिल्या घरावर येते. आवर्तन म्हणजे काय हे एखाद्या परक्या माणसाला समजावून सांगायचे असेल, तर याहून चांगले चित्र मला सुचत नाही.

धागा काढण्याचे कारण असे, की ड्रम मशीनचा विषय निघाला की आपली चर्चा हमखास 'यंत्र माणसाची जागा घेईल का' या प्रश्नावर जाते आणि तिथेच रुतून बसते. हा इतिहास लेखनसाधनाचा इतिहास म्हणून वाचला तर अधिक उलगडतो, असे माझे मत आहे. सुरुवातीची यंत्रे आयते ठेके वाजवत असत. ठेका स्वतः मांडण्याची सोय नंतर आली आणि खरा बदल तिथून सुरू झाला.

गंमत अशी, की अगदी पहिले यंत्र नक्कल करण्यासाठी बनलेच नव्हते. हेन्री कॉवेल या अमेरिकन संगीतकाराला अशा लयी हव्या होत्या, ज्या कोणा एका वादकाला पेलणे शक्य नव्हते. त्याच्या सांगण्यावरून लिऑन थेरेमिन या रशियन संशोधकाने १९३१च्या सुमारास 'रिदमिकॉन' हे वाद्य बनवले. त्याचे तत्त्व आपल्याकडच्या लयकारीच्या अभ्यासकाला चटकन कळेल. मूळ स्वराची पट्टी दाबली की ठरावीक काळात एक आघात, दुसऱ्या उपस्वराची पट्टी दाबली की तेवढ्याच काळात दोन, तिसऱ्याची दाबली की तीन, असे सोळापर्यंत. म्हणजे दुगुण, तिगुण, चौगुण आणि पाचगुण एकाच वेळी, एकाच माणसाच्या बोटांखाली. हे वाद्य प्रचारात आले नाही, परंतु माणसाला न जमणारी लय ऐकण्यासाठी यंत्र वापरण्याची कल्पना तिथे पहिल्यांदा दिसते.

त्यानंतरची पन्नास वर्षे मात्र यंत्रे साथीदार होण्याच्याच मागे लागली. अमेरिकेच्या वुर्लिट्झर कंपनीने १९५९ साली 'साइडमॅन' बाजारात आणला. नावातच 'साथीदार' होता. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओसारखे ते लाकडी कपाट होते. आत एक तबकडी फिरत असे, तिच्यावर ठरावीक अंतरांवर धातूचे संपर्कबिंदू बसवलेले असत आणि त्यांवरून सरकणारी पट्टी प्रत्येक बिंदूपाशी एकेका आवाजाचे सर्किट चेतवत असे. ठेके बारा होते, वॉल्ट्झ आणि फॉक्सट्रॉटसारखे, घरात ऑर्गन वाजवणाऱ्याला किंवा हॉटेलातल्या वादकाला उपयोगी पडतील असे. तबकडीवरचे बिंदू कारखान्यात बसवलेले असल्यामुळे वापरणाऱ्याच्या हाती वेग कमीजास्त करण्यापलीकडे फारसे काही नव्हते.

तोक्योतील एका नाइट क्लबात तादाशी ओसानाई हे अ‍ॅकॉर्डियनवादक हाच साइडमॅन साथीला घेत असत आणि त्याच्यावर ते समाधानी नव्हते. क्लबचे मालक त्सुतोमु कातो यांना त्यांनी याहून चांगले यंत्र बनवण्याचा प्रस्ताव दिला आणि त्यातून १९६३ साली 'डोंका मॅटिक' जन्माला आले. 'डोंका' हा जपानी कानाला ऐकू येणारा ठेक्याचा बोलच आहे, आपल्या 'धिनधिन'सारखा. या दोघांची छोटी कंपनी पुढे कॉर्ग म्हणून जगभर गेली. त्याच दशकात ओसाकाच्या इकुतारो काकेहाशी यांनी एस टोन कंपनीतून ट्रान्झिस्टरवर चालणारा 'रिदम एस एफआर-१' काढला (१९६७). त्यात सोळा ठेके होते आणि दोन बटणे एकदम दाबली की दोन ठेके एकमेकांत मिसळत. मिसळलेला ठेका कुठल्याच नृत्याचा नसे, तो वापरणाऱ्याचा असे. लेखनाची पहिली चाहूल मला इथे लागते.

आयत्या ठेक्यांतूनही काही कलावंतांनी वेगळे काढले, हे मान्य करायला हवे. स्लाय स्टोन या अमेरिकन गायकाच्या 'फॅमिली अफेअर' या १९७१च्या गाण्यात मेस्ट्रो कंपनीचा 'रिदम किंग' वापरला आहे आणि ते गाणे अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. त्या यंत्राचा कोरडा, काहीसा कंटाळलेला आवाज गाण्याच्या मनःस्थितीला इतका शोभतो, की तिथे हाडामांसाचा ड्रमवादक असता तर गाणे बिघडले असते.

काकेहाशींनी १९७२ साली रोलँडची स्थापना केली. त्यांच्या सीआर-७८ या १९७८च्या यंत्रात मायक्रोप्रोसेसर आला आणि स्वतः रचलेले ठेके साठवून ठेवण्याची सोय झाली. १९८० साली दोन यंत्रे लागोपाठ आली. कॅलिफोर्नियातील रॉजर लिन यांच्या एलएम-१ मध्ये खऱ्या ड्रमचे ध्वनिमुद्रित आवाज अंकीय स्वरूपात चिपमध्ये भरलेले होते. किंमत ४,९९५ डॉलर होती आणि एकूण सुमारे पाचशेच यंत्रे बनली. रोलँडच्या टीआर-८०८ मध्ये ध्वनिमुद्रित असे काहीच नव्हते, सगळे आवाज सर्किटातून निर्माण होत. त्याची किंमत १,१९५ डॉलर होती आणि १९८३पर्यंत सुमारे बारा हजार यंत्रे बनली. खऱ्यासारखे वाजते म्हणून त्या काळी प्रतिष्ठा एलएम-१ला मिळाली, ८०८ला अनेकांनी खेळणे ठरवले. आज कोणते नाव अधिक लोकांना ठाऊक आहे, हे वेगळे सांगायला नको.

आपापले अनुभव आणि मतभेद अवश्य लिहावेत.

खर्ज

लेख आवडला, परंतु मूळ मुद्द्याशी मी सहमत नाही. मी गायिका आहे आणि माझ्या घरात गेली वीस वर्षे इलेक्ट्रॉनिक तबला आहे. बंगळूरच्या राडेल कंपनीचे 'तालमाला' हे नाव आपल्याकडे इतके रुळले, की कोणत्याही कंपनीच्या यंत्राला लोक तालमालाच म्हणतात. ताल निवडायचा, लय आणि पट्टी जुळवायची आणि रियाजाला बसायचे. तिथे मी काही लिहीत नाही. मला साथ हवी असते. पहाटे साडेपाचला कोणता तबलजी माझ्या घरी येणार आहे? तेव्हा या यंत्राची तुलना साथीदाराशी करणे चूक आहे, हे आपले म्हणणे रियाज करणाऱ्या हजारो विद्यार्थ्यांच्या अनुभवाशी जुळत नाही.

मात्र साथीदार म्हणून ते कुठे उणे पडते, तेही सांगते. विलंबित ख्यालात आलाप लांबला आणि मी समेच्या अलीकडे किंचित रेंगाळले, तर चांगला तबलजी मला सांभाळून घेतो. मुखडा उचलण्याच्या बेतात मी श्वास घेते, तो त्याला ऐकू येतो. यंत्राला माझा श्वास ऐकू येत नाही. याचा एक फायदाही आहे, तो आमच्या गुरुजींना पटत नसे. यंत्र मला सांभाळून घेत नसल्यामुळे माझी लय कुठे सुटते ते मला स्पष्ट कळते. आवर्तन चुकले की चुकले. मनधरणीची सोय नाही.

तापलेली_सोल्डर

धागाकर्त्यांनी ८०८ची बटणे पाहिली, मी त्याची सर्किटे पाहिली आहेत, त्यामुळे त्या बाजूने थोडे लिहितो. 'खेळण्यासारखा आवाज' असे त्याला का म्हटले गेले, हे त्यातून कळेल.

८०८चा बास ड्रम म्हणजे एक अनुनादी सर्किट आहे. त्याला एक छोटा विद्युत ठोसा दिला, की ते स्वतःच्या कंपनसंख्येवर थरथरते आणि हळूहळू शांत होते. घंटेला टोला दिल्यावर जे घडते तेच येथे विजेच्या रूपात घडते. हा आवाज किती वेळ रेंगाळावा यासाठी एक स्वतंत्र बटण आहे. ते पूर्ण फिरवले की ठोक्याची आस इतकी लांबते, की तो ड्रम न राहता खर्जातला एक स्वर होतो. आघाताच्या क्षणी त्याची पट्टी किंचित वर असते आणि लगेच खाली उतरते. डग्ग्यावर मनगट दाबून काढलेल्या घिश्श्याची आठवण मला तिथे येते, अर्थात डग्ग्याची मींड हातात असते आणि ही सर्किटात कोंडलेली आहे.

झांजेचा आवाज सहा चौकोनी तरंगांच्या ऑसिलेटरांतून, म्हणजे सतत कंपने निर्माण करणाऱ्या सर्किटांतून, येतो. त्यांच्या कंपनसंख्या मुद्दाम एकमेकांशी न जुळणाऱ्या ठेवल्या आहेत, कारण धातूच्या आवाजात सुरेल नाते नसते. त्यांतलेच दोन, साधारण ५४० आणि ८०० हर्ट्झचे, काउबेलसाठी वापरले आहेत. ती काउबेल कोणत्याही गायीच्या गळ्यात शोभणार नाही, पण एकदा ऐकली की विसरत नाही. टाळीचा आवाज म्हणजे खरखरीचे तीन-चार तुकडे काही सहस्रांश सेकंदांच्या अंतराने सोडलेले. अनेक माणसांच्या टाळ्या कधीच तंतोतंत एका वेळी पडत नाहीत, हे निरीक्षण त्यामागे आहे.

त्यातील खरखरीचा किस्सा सांगण्यासारखा आहे. ती ज्या ट्रान्झिस्टरमधून मिळवली जाई, ते ट्रान्झिस्टर कारखान्याच्या कसोटीत नापास झालेले, सदोष असे निवडून घेतलेले होते. पुढे सेमीकंडक्टरचे उत्पादन सुधारले, सदोष माल निघेनासा झाला आणि ८०८ बनवणे थांबवावे लागले. गुणवत्ता वाढल्यामुळे बंद पडलेले असे दुसरे वाद्य माझ्या माहितीत नाही.

तेव्हा माझे मत असे, की वहीपेक्षा नाद महत्त्वाचा ठरला. सोळा घरांची वही पुढे अनेक यंत्रांत आली. लोकांनी आठवण ठेवली ती त्या खर्जाची. १९८२ साली आफ्रिका बंबाटा यांच्या 'प्लॅनेट रॉक'मध्ये आणि मार्विन गे यांच्या 'सेक्शुअल हीलिंग'मध्ये हेच यंत्र आहे. एकात ते रस्त्यावरच्या नाचाला उभे करते आणि दुसऱ्यात कुजबुजते. आजच्या हिपहॉपमध्ये तर 'एट-ओ-एट' हे यंत्राचे नाव न राहता त्या लांब खर्जाच्या आवाजाचेच नाव झाले आहे.

पॅडवाला_सातारा

आधी एक खुलासा करतो, कारण हा गोंधळ मला प्रत्येक कार्यक्रमात ऐकावा लागतो. ऑक्टोपॅड ही ड्रम मशीन नव्हे. ऑक्टोपॅडवर आठ रबरी पृष्ठभाग असतात आणि प्रत्येक आघात वादकाला काठीने स्वतः द्यावा लागतो. रोलँडच्या १९८५च्या पहिल्या ऑक्टोपॅडमध्ये तर स्वतःचा आवाजच नव्हता. तो दुसऱ्या यंत्राला मिडी संदेश, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी एकमेकांना द्यायचे संकेत, पाठवून त्याच्याकडून आवाज काढून घेत असे. आवाज पुढच्या मॉडेलांत आले. आमच्याकडे ऑर्केस्ट्रात, गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात आणि जागरण-गोंधळाच्या रंगमंचीय प्रयोगात हलगीचे, संबळाचे आणि ढोलकीचे आवाज पॅडवर घेऊन वाजवले जातात, तेव्हा हात चुकला की ठेका चुकतो. यंत्र वाजवते आणि आम्ही उभे राहतो, असा समज कृपया करून घेऊ नये.

आता धागाकर्त्यांनी बाजूला ठेवलेल्या प्रश्नाकडे येतो. माणसाची जागा घेण्याचा प्रश्न कंटाळवाणा आहे असे त्यांना वाटत असेल, परंतु ज्यांची जागा गेली त्यांना तो तसा वाटत नाही. माझे मामा एका ऑर्केस्ट्रात ढोलकी वाजवत असत. नव्वदच्या दशकात त्या ऑर्केस्ट्राने आयते ताल असलेला कीबोर्ड घेतला आणि लहान कार्यक्रमांना तालवादक नेणे बंद केले. लग्नाच्या वरातीआधीच्या तासाभराच्या गाण्यांना तेवढे चालत असे. मोठे कार्यक्रम मामांकडे राहिले, पण घर लहान कार्यक्रमांवरच चालत होते. हे आमच्याकडेच झाले असेही नाही. साइडमॅन आला तेव्हा अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने हरकत घेतली होती आणि १९८२ साली ब्रिटनच्या वादक संघटनेच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझर आणि ड्रम मशीन यांच्यावर बंदी घालावी असा ठराव केला होता. ठरावाची आज चेष्टा होते. मला ती करवत नाही.

लयवेल्हाळ (धागाकर्ता)

पॅडवाला, आपला आक्षेप रास्त आहे आणि माझे वाक्य उथळ होते हे मी मान्य करतो. फक्त एक भेद नोंदवतो. मामांचे काम ज्याने घेतले ते आयत्या ठेक्याचे यंत्र होते, म्हणजे साइडमॅनच्या वंशातले. लिहिता येणाऱ्या यंत्राने वेगळेच काम निर्माण केले. शिकागो आणि डेट्रॉइट येथील कृष्णवर्णीय तरुणांनी ऐंशीच्या दशकात सेकंडहँड यंत्रे घेऊन हाउस आणि टेक्नो हे नृत्यसंगीताचे प्रकार उभे केले. रोलँडचे टीआर-९०९ हे १९८३चे यंत्र विक्रीत पडले होते म्हणूनच ते त्यांच्या आवाक्यात आले. अर्थात डेट्रॉइटला नवे काम मिळाले याने साताऱ्याच्या ढोलकीवादकाचे पोट भरत नाही, हेही खरे.

आयत्या ठेक्याचीही एक अजब कथा आहे. आपल्याकडे कोणत्याही कीबोर्डला 'कॅसिओ' म्हणतात. त्या कंपनीच्या एमटी-४० या १९८१च्या छोट्या कीबोर्डमध्ये एक 'रॉक' नावाचा ठेका होता. तो हिरोको ओकुदा या संगीत महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुणीने रचला होता. १९८५ साली जमैकात वेन स्मिथ या गायकाच्या 'अंडर मी स्लेंग टेंग' या गाण्यासाठी तोच ठेका वेग उतरवून जसाच्या तसा वापरला गेला आणि तिथले रेगे संगीत त्यानंतर झपाट्याने यंत्रांकडे वळले. त्या एका ठेक्यावर पुढे शेकडो गाणी झाली. घरगुती कीबोर्डवरचे एक बटण एका देशाच्या संगीताची दिशा बदलते, याला काय म्हणावे?

तापलेली_सोल्डर यांच्या नादाच्या मुद्द्याला उत्तर देताना मी रॉजर लिन यांच्याकडे जाईन. त्यांच्या यंत्राचे आवाज आज जुने वाटतात, परंतु त्यांनी वहीत केलेला बदल प्रत्येक संगणकीय प्रणालीत टिकून आहे. वादकाने थोडे पुढेमागे वाजवलेले आघात यंत्राने जवळच्या घरात सरकवून बसवायचे, ही सोय त्यांनी दिली. आणि सगळे घरात बसले की संगीत लाकडी होते हे ओळखून त्यांनी झोलही दिला. तो असा : घरांच्या जोड्या कल्पायच्या आणि प्रत्येक जोडीतले दुसरे घर किंचित उशिरा आणायचे. जोडीचा निम्मा वेळ पहिल्या घराला दिला, म्हणजे प्रमाण ५० टक्के ठेवले, तर चाल सरळ येते. ६६ टक्के ठेवले तर दोनास एक असे नाते होऊन दादऱ्यासारखी तिश्र जातीची चाल येते. सगळी मौज या दोन आकड्यांच्या मध्ये आहे. ५४ किंवा ५८ टक्क्यांवर चाल सरळही नसते आणि तिश्रही नसते, आणि ऐकणाऱ्याची मान मात्र डोलू लागते. आपल्याकडे लग्गी वाजवताना हाताला जे वजन येते, ते लिहायला आपल्या ताललिपीत चिन्हच नाही. लिन यांनी त्याला निदान एक आकडा दिला.

त्यांनीच पुढे अकाई कंपनीसाठी एमपीसी-६० हे यंत्र घडवले (१९८८). त्यात सोळा घरे एका ओळीत न ठेवता चार गुणिले चार अशा चौकोनात बोटांनी वाजवायच्या गाद्या बसवल्या. डेट्रॉइटचे हिपहॉप संगीतकार जे डिला यांनी त्याच घराण्यातील एमपीसी-३००० वर घरात बसवण्याची सोयच टाळून हाताने आघात भरले. काही आघात रेंगाळलेले, काही घाईचे, आणि तरीही सगळे एकमेकांना धरून असतात. त्यांच्या पश्चात त्यांचे ते यंत्र वॉशिंग्टनच्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेले. खर्जताई, यंत्राला श्वास ऐकू येत नाही हे आपले म्हणणे शंभर टक्के खरे आहे. परंतु लिहिणाऱ्याचा श्वास त्यात उतरू शकतो.

चर्चगेट_फास्ट

इतके प्रतिसाद आले आणि मुंबईच्या चरणजित सिंग यांचे नाव अजून कोणी घेतले नाही, याचे आश्चर्य वाटते. हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत वर्षानुवर्षे गिटार आणि इतर वाद्ये वाजवलेल्या या कलावंताने १९८२ साली रोलँडची तीन यंत्रे एकत्र जोडली : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीबी-३०३ हे खर्जाचे यंत्र आणि टीआर-८०८. त्यावर भैरवी, ललित, तोडी, मधुवंती, यमन, मालकंस अशा दहा रागांची एक तबकडी काढली. शीर्षकातच 'डिस्को ठेक्यावर दहा राग' असे जाहीर केले होते. तबकडी फारशी खपली नाही. २०१० साली ती नेदरलँड्समधून पुन्हा प्रकाशित झाली, तेव्हा युरोपातील श्रोते चकित झाले, कारण शिकागोमध्ये ३०३ आणि ड्रम मशीन यांच्या जोडीतून निघालेल्या 'अ‍ॅसिड हाउस'शी तिचे विलक्षण साम्य होते आणि त्या प्रकाराची प्रसिद्ध पहिली तबकडी १९८७ची आहे.

'अ‍ॅसिड हाउसचा शोध मुंबईत लागला' असे मथळे मग झळकले. मला ते पटत नाहीत. शिकागोच्या तरुणांनी ही तबकडी ऐकली होती असे मानायला काही आधार नाही. एकाच यंत्राने दोन दूरच्या माणसांना एकाच वाटेवर नेले, एवढेच म्हणता येते, आणि माझ्या मते तेच अधिक मनोरंजक आहे. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. रागसंगीत जाणणाऱ्या माणसाला तिच्यात मींड दिसली आणि शिकागोत तिच्यातून वेडावणारी किरकिर निघाली.

धागाकर्त्यांच्या मुद्द्याच्या दृष्टीने मात्र मला या तबकडीत एक उणीव जाणवते. तिच्यात रागांचा विचार आहे, तालाचा नाही. ८०८ तिथे एकसारखा डिस्कोचा ठेका धरून बसतो. सोळा घरांची वही हाताशी असताना त्रितालाचा काल दाखवावा असे त्यांना वाटले नाही. ज्या वर्षी ही तबकडी झाली त्या वर्षी डिस्कोची मागणी काय होती हे लक्षात घेता मी त्यांना दोष देत नाही, परंतु एक संधी हुकली असे मनात येतेच.

खर्ज

मग मी एक सरळ प्रश्न विचारते. समजा माझ्याकडे सोळा घरांचे यंत्र आहे. झपताल हा दहा मात्रांचा. तो त्यात कसा लिहायचा? आणि काल कसा दाखवायचा? यंत्राला 'ती' आणि 'धी' यांतला फरक कुठे कळतो?

लयवेल्हाळ (धागाकर्ता)

आधी वेगाचा हिशेब सांगतो, कारण बहुतेक जण तिथेच अडकतात. यंत्रावर मिनिटाला ६० असा वेग दिसत असेल, तर तो पाश्चात्त्य पद्धतीच्या मोठ्या ठोक्याचा असतो आणि प्रत्येक ठोक्यात चार घरे असतात. म्हणजे मिनिटाला २४० घरे होतात. एक घर म्हणजे एक मात्रा धरली, तर ती अतिद्रुत लय झाली. म्हणून एका मात्रेला दोन घरे द्यावीत. मग ६० वेगावर मिनिटाला १२० मात्रा, अशी गाण्याजोगी मध्यलय मिळते.

या हिशेबाने झपतालाला वीस घरे लागतात आणि यंत्रात एका पानावर सोळाच आहेत. परंतु बहुतेक यंत्रांत पानाची लांबी कमी करता येते आणि दोन पाने एकापुढे एक जोडता येतात. झपताल स्वभावतःच पाच-पाच मात्रांच्या दोन अर्धांचा आहे, त्यामुळे दहा-दहा घरांची दोन पाने करावीत. पहिल्या पानावर 'धी ना धी धी ना' आणि दुसऱ्यावर 'ती ना धी धी ना'. डग्ग्यासाठी बास ड्रम घ्यावा आणि चाटेसाठी, म्हणजे तबल्याच्या कडेवरच्या आघातासाठी, काठाचा कोरडा आवाज. 'धी'च्या घरात दोन्ही बटणे, 'ना'च्या घरात फक्त चाट. एकापुढे एक येणाऱ्या दोन 'धीं'पैकी दुसऱ्याचा डग्गा किंचित हलका ठेवावा.

आता दुसरे पान नव्याने लिहिण्याची गरज नाही. पहिल्याची नक्कल करावी आणि पहिल्या घरातला बास ड्रम पुसून टाकावा. दोन पानांत तेवढाच फरक आहे.

तापलेली_सोल्डर

एक पुरवणी जोडतो. बास ड्रमची आस फार लांब ठेवू नये, नाहीतर पाचव्या मात्रेच्या 'ना'खाली चौथीचा घुमारा पसरून राहील आणि सहावीवरचा रिकामेपणा ऐकूच येणार नाही. धागाकर्त्यांची वही कबूल, पण शाई पसरली तर अक्षर वाचता येत नाही.

खर्ज

भाच्याच्या संगणकावर ८०८ची प्रतिकृती होती, तिच्यावर आज सकाळी करून पाहिले. आस पुष्कळ कमी केली. आवाज तबल्याचा मुळीच नाही, तो विचार पहिल्या चार आवर्तनांत सोडून द्यावा लागला. मग भटियारातली झपतालातली बंदिश गायले. पाचव्या आवर्तनाला सहावी मात्रा आली, डग्गा गेला आणि मांडीवर टाळी देत असलेला माझा हात माझ्या नकळत उलटा झाला.